एका दगडापायी जिताडा

अमळनेरहून तापीकडे गेलं, की बॅरेजमुळे नदीचं पाणी जिथं फुगून थांबतं, तिथं काठावर एक काळा चपटा दगड आहे. एका माणसाला ऐसपैस मांडी घालता येईल एवढा. दगडासमोर पाण्याखाली जुना बांध बुडालेला आहे आणि त्या बांधाच्या कपारीत मासे राहतात. त्यामुळे दगडावर बसणाऱ्याच्या गळाला मासे लागतात. अल्याडपल्याड बसणाऱ्याच्या अंगाला डास. रविवारी तिथं जमणाऱ्या आठ-दहा हौशी गळवाल्यांत याबद्दल दुमत नव्हतं. दुमत होतं ते दगड कोणाचा, याबद्दल.

पाणी फुगलं त्या वर्षापासून दगडावर अभिमन बोरसे बसत आले होते. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळे त्यांना आबा म्हणत. एसटीत इतरांना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागते; ड्रायव्हरच्या सीटवर कोणी रुमाल टाकत नाही. नोकरीभर हे सुख भोगल्यामुळे जागेसाठी भांडावं लागतं, ही गोष्टच आबांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

ती शिरवली समाधान शिसोदेनं. समाधान बेटावदचा, ठिबकच्या नळ्यांचा दुकानदार, आबांहून पुष्कळ धाकटा. एका रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला, दगडावर रुमाल टाकला आणि गाडीतला चहाचा थर्मास आणायला गेला. तेवढ्यात आबा आले. त्यांनी रुमाल उचलला, त्याला तोंड पुसलं, नीट घडी करून समाधानच्या हातात दिला आणि दगडावर बसले.

"आबा, रुमाल टाकेल व्हता मी."

"बरं करं भाऊ. मना घरच राही गया."

"दगड काय तुमना नावे शे? सातबारा दखाडा!"

"सातबारा कसाले? मी समुद्रमा हातभर जिताडा काढेल शे. तुमनामा कोन्ही काढा व्हई ते सांगा, मी आते उठस."

हा आबांचा हुकमी एक्का होता. जिताडा हा खाडीच्या तोंडाशी राहणारा मासा, आणि गळवाल्यांच्या दुनियेत त्याला पहिलवानाचा मान. तापीत रोहू-कटल्याशी झोंबणाऱ्यांनी त्याचं नाव फक्त ऐकलेलं. आठेक वर्षांपूर्वी आबा पालघरच्या किनाऱ्यावर साडूंकडे गेले होते, तेव्हा त्यांच्या गळाला एक लागला होता. तो त्याच संध्याकाळी शिजला आणि संपला. पण संपल्यावरही तो वाढत राहिला. पहिल्या वर्षी तो आबांच्या कोपरापर्यंत होता. मग खांद्यापर्यंत आला. गेल्या दिवाळीत त्याचं शेपूट छाती ओलांडून दुसऱ्या हाताकडे निघालं होतं. साक्षीदार म्हणाल तर साडू. पण साडूंनी आबांशी बोलणं टाकलं होतं. त्याचं कारण मासा नव्हता, तरी समाधानला कारण मासाच वाटायचा.

"जिताडा दखा कोन्ही?" समाधाननं त्या दिवशी सगळ्यांना मोठ्यानं विचारलं. "नही ना? मंग दगडवर बठाना हक खोट्या माणूसले काबर?"

खोटा हा शब्द काठावर पहिल्यांदाच उघड उच्चारला गेला. आबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सगळ्यांनी हिलाल नानांकडे पाहिलं. नाना मंडळींत सगळ्यांत वडील. दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचे, त्यातलं एक "चला आते घर" हे असायचं. त्या दिवशी त्यांनी साठवणीतली वाक्यं काढली.

आबांनी पुन्हा समुद्रावर जावं. समाधाननं सोबत जावं. हातभर किंवा त्याहून मोठा जिताडा समाधानच्या डोळ्यांदेखत निघाला, तर दगड आबांचा, मरेपर्यंत. कोणी रुमाल टाकायचा नाही. नाही निघाला, तर दगड समाधानचा. निघाला की नाही ते समाधाननंच येऊन सांगायचं.

"फोटो काढी लयसू," आबा म्हणाले.

"फोटो चालस नही," नाना म्हणाले. त्यालाही कारण होतं. मागच्याच महिन्यात मंडळींतल्या बबलूनं मोबाईलवर बोटं फिरवून नानांच्या मांडीवर देवमासा बसवला होता. तो फोटो गावभर फिरला आणि नानांच्या व्याह्यांनी नंदुरबारहून फोन करून मासा कसा शिजवला ते विचारलं होतं.

दिवाळी झाली आणि दोघं निघाले. आबांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, शिदोरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधला. वर काळ्या मसाल्याची एक पुडी ठेवली. समाधानला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "आठ वरीस व्हयनात, मसाला वाटी ठेयेल शे. नुसता हात लांब व्हई राहिना, मासा काय येस नही." समाधान हसला. आबांनी पिशवीचं तोंड आवळून बांधलं. दगड गेला तर बाहेर काय होईल हे त्यांना माहीत होतं. घरात काय होईल ते आता कळलं.

सुरतेवरून जाणाऱ्या गाडीनं ते पालघरला उतरले आणि रिक्षानं खाडीकाठच्या गावात पोचले, तेव्हा सकाळ चांगली वर आली होती. समाधाननं समुद्र पहिल्यांदाच पाहिला, म्हणजे पाहायला गेला. समोर समुद्र नव्हता. लांबच लांब चिखल होता, चिखलात आडव्या पडलेल्या होड्या होत्या आणि पार पलीकडे पाण्याची एक चकाकती रेघ होती. मधून खाडीची एक धार वाहत होती.

"आबा, आवर्तन बंद शे का काय?" त्यानं विचारलं. पाटाला पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात, आणि ते बंद असताना पाट असाच दिसतो.

"ओहोटी शे ती."

"मंग पानी कधय सुटस?"

याचं उत्तर मागून आलं. "दुपारनंतर येईल."

बोलणारी बाई पन्नाशीची, पदर खोचलेली, डोक्यावर रिकामी टोपली. गावातल्या मच्छीमार सोसायटीची ती यंदाची अध्यक्ष. तांडेलबाई म्हणून हाक मारायची, असं तिनंच सांगितलं. "बाहेरचे ना? आधी बोर्ड बघा. मग गळ सोडा."

बोर्ड धक्क्याशी उभा होता. त्यावर निळ्या रंगात दोन मासे रंगवले होते. खालचा वीतभराहून थोडा मोठा. वरचा माणसाच्या पायाएवढा. खालच्यापुढं लिहिलं होतं, यापेक्षा लहान जिताडा सोडा. वरच्यापुढं लिहिलं होतं, यापेक्षा मोठा जिताडा सोडा.

आबांनी दोनदा वाचलं. "हाऊ रंगारी चुकना का?"

"रंगारी नाही चुकला," तांडेलबाई म्हणाली. "लहान धरायचा नाही, हे सरकारी. मोठाही धरायचा नाही, हे आमच्या गावाचं, आमच्या खाडीपुरतं. यंदापासून."

"मांगला वरीसले?"

"मागच्या वर्षी फक्त लहान. त्याआधी बोर्डच नव्हता. पुढच्या वर्षीचं सोसायटी बसली की ठरेल."

"एसटीनं टाइमटेबल बी इतलं बदलस नही," आबा पुटपुटले. मग चढ्या आवाजात म्हणाले, "पण अक्का, लहान सोडना हाई समजनं. लहान लेकरू शे. मोठाले काबर सोडना?"

"कारण मोठी ती सगळी आई असते. जिताडा लहानपणी नर असतो. वाढला की त्याची मादी होते. मोठा म्हणून जो तुम्ही कापता, त्याच्या पोटात पुढच्या दहा वर्षांची खाडी असते."

मग समाधान खाली बसला आणि गुडघ्यांवर हात मारून हसायला लागला. "आबा! आठ वरीस तुमी सांगी राहिनात, असा पहिलवान व्हता, तसा पहिलवान व्हता. ती बाई व्हती!"

आबांना त्या क्षणी आपला साडू आठवला, कारण तोही असाच हसायचा.

मनातल्या मनात मात्र त्यांनी हिशेब मांडला. हातभर जिताडा दोन निळ्या माशांच्या मधे बसत होता. म्हणजे अडचण नव्हती. फक्त माशानं नेमकं तेवढंच असायला हवं होतं. कंडक्टरला सुटे पैसे हवे असतात तसं.

आमिष म्हणून त्यांनी घरून कळण्याच्या पिठाचा मळलेला गोळा आणला होता. तापीतले मासे त्यावर जीव टाकतात. तांडेलबाईनं तो हुंगला. "भाकरी खाणारा जिताडा मी अजून पाहिला नाही," ती म्हणाली आणि तिनं दोघांना एका होडीवाल्याकडून जिवंत कोळंबी मिळवून दिली. जाता जाता तिनं पुन्हा बजावलं, "दुपारनंतर पाणी येणार आहे. लक्ष असू द्या."

"हो हो," दोघंही म्हणाले.

पुढं जे घडलं त्याचं मूळ या "हो हो"मध्ये होतं. पाणी येणार आहे, हे वाक्य खानदेशातल्या माणसानं जन्मभर ऐकलेलं असतं. पाटाला येणार आहे, नळाला येणार आहे, धरणातून सुटणार आहे. ते ऐकून कोणी धावत सुटत नाही. माणूस जेवतो, पडतो, उठतो, शेजाऱ्याला विचारतो आणि मग बांधावर जाऊन पाहतो. बहुधा आलेलं नसतंच. सांगितल्या वेळी सांगितलं तितकं पाणी येतं, असा अनुभव आबांनाही नव्हता आणि समाधानलाही. आठ वर्षांपूर्वी साडूंनी आबांना उंच खडकावर बसवलं होतं. तिथं भरती पायाखाली येऊन गेली होती. ती त्यांनी देखावा म्हणून पाहिली होती.

दोघं चिखल तुडवत खाडीच्या धारेपाशी गेले. तासाभरात आबांच्या गळाला पहिला मासा लागला. चांदीसारखा, मोठ्या तोंडाचा, जिताडाच. आबांनी तो पाण्याच्या बादलीत टाकला आणि बादली घेऊन बोर्डाकडे धावत सुटले. मागून समाधान. पोटरीभर चिखलात धावणं म्हणजे धावणं नसतंच. दोघं बराच वेळ धावले आणि थोडेसेच पुढं गेले. बोर्डाशी पोचून आबांनी मासा खालच्या निळ्या माशाला लावला. बोटभर कमी पडला.

"शेपूट सरळ करा ना," समाधान म्हणाला.

"सरळच शे."

"मंग ताना थोडं."

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू कोनाकडथून शे रे?"

"मी साक्षीदार शे," समाधान म्हणाला. "आनि साक्षीदार सांगस, हाऊ जिताडा नही. हाऊ जिताडाना नातू शे."

नातू धारेत परत गेला. मग दोघांनी चिखलात उभ्याउभ्या भाकरी खाल्ली. समाधानचे पाय भरून आले होते. किनाऱ्यावर सुरूची झाडं होती. "मी तथा सावलीमा पडस. लागना ते हाक मारा," असं सांगून तो गेला.

आबा एकटे राहिले. वारा समुद्राकडून सुटला. धारेतलं पाणी मघापर्यंत बाहेर जात होतं, ते आता घुटमळत होतं. आबांना ते जाणवलं, पण त्यांनी त्याचा अर्थ लावला नाही. कारण त्याच क्षणी काठी वाकली आणि घाटात ब्रेक गेलेल्या गाडीसारखी गळाची तंगूस सुटली.

तीस वर्षांच्या नोकरीत आबांच्या गाडीचे ब्रेक एकदाच गेले होते. तेव्हा त्यांनी जे केलं होतं तेच आता केलं. घाबरले नाहीत, दाबलं नाही, लहान गिअर टाकून उतरत राहिले. मासा ओढायचा तेव्हा दोरा द्यायचा. थांबला की घ्यायचा. एकदा मासा पाण्याबाहेर उसळला आणि कानशिलं फुगवून त्यानं डोकं असं हलवलं, की आबांच्या तोंडून आपोआप "माय व" निघालं. ते शब्द बरोबर होते, हे त्यांना नंतर कळलं.

अखेर ती उथळात आली, तेव्हा आबांनी तिच्याशेजारी आपला पाय धरला. पाय कमी पडला.

आठ वर्षं बोलून बोलून वाढवलेला मासा इथं खरोखरच पडला होता, आणि बोलण्याहून मोठा होता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच दुसरा विचार आला. बोर्डावरच्या वरच्या माशाहून ही मोठी. म्हणजे सोडायची. सोडायला त्यांची ना नव्हती. पोटात दहा वर्षांची खाडी घेऊन निघालेल्या बाईला कापायला ते काही कसाई नव्हते. पण समाधाननं पाहिल्याशिवाय सोडली, तर दगड गेला.

"समाधान!" त्यांनी हाक मारली. वाऱ्यानं ती सुरूपर्यंत नेली असेल, पण सुरूखालून कोणी उठलं नाही. "समाधाऽऽन!"

मग आबांनी तेच केलं, जे तापीवरचा कुठलाही गळवाला करतो. तिथं मासा जिवंत ठेवायचा तर जाळीच्या लांब पिशवीत घालतात, पिशवी पाण्यात सोडतात आणि पिशवीची दोरी काठाशी खुंट्याला बांधतात. फुगवट्याचं पाणी गरीब गाईसारखं असतं. सकाळी जिथं बांधाल तिथंच संध्याकाळी सापडतं. आबांनी पिशवी आणि खुंटा घरून आणलाच होता. त्यांनी जिताडीला अलगद पिशवीत घेतलं, गुडघाभर पाण्यात खुंटा ठोकला, इतका खोल की रेडा बांधला असता तरी हलला नसता, आणि दोरीला दोन गाठी मारल्या. "बस माय, आते उनू," असं तिला सांगून ते सुरूकडे निघाले.

सुरूखाली समाधान नव्हता. त्याच्या चपला होत्या. आबा गावात गेले. समाधान चहाच्या टपरीवर सापडला. टपरीवाल्याच्या मागं नारळाची बाग होती आणि त्या बागेला ठिबक कसं करायचं ते तो बशीत बोट बुडवून टेबलावर काढून दाखवत होता.

"चाल! लागना!"

"केवढा शे?"

"चाल ना रे!"

"कप ते संपाडू द्या."

कप संपेपर्यंत आबा टपरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मग दोघं निघाले. सुरूपाशी आल्यावर समाधान थांबला.

मघाशी जिथं चिखल होता तिथं समुद्र होता. आडव्या पडलेल्या होड्या उभ्या राहून डुलत होत्या. पाणी गडबड न करता, एकसारखं, सुरूच्या मुळांच्या दिशेनं चाललं होतं. खुंटा कुठंच दिसत नव्हता.

"कोठे शे मासा?" समाधाननं विचारलं.

आबांनी हात लांब केला. "पानीमा शे."

"पानीमा ते बठ्ठाच मासा राहतस, आबा."

"पिशवीमा शे! खुंटाले बांधेल शे!"

"हा. आनि खुंटा?"

समाधाननं मोठा श्वास घेतला. त्याच्या चेहऱ्यावर दगडावर बसलेल्या माणसाचं समाधान पसरायला लागलं. आबांनी ते पाहिलं, धोतराचा काचा मारला आणि सरळ पाण्यात शिरले.

"आबा! काय करी राहिनात?"

आबा चालत राहिले. पाणी मांड्यांना आलं, कमरेला आलं. आबांना पोहता येत होतं, पण तापीतलं. इथं पाय उचलला की पाणी तो भलतीकडेच नेऊन ठेवत होतं. छातीपर्यंत पाणी आल्यावर ते पायांनी खुंटा चाचपू लागले. एक लाट तोंडावर आली. दुसरी डोक्यावरून गेली.

"आबा, दगड तुमना!" समाधान काठावरून ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "मी सांगी दिसू! दगड तुमना! बाहेर या!"

लाट ओसरल्यावर आबांचं डोकं वर आलं. तोंडातलं खारं पाणी थुंकून ते ओरडले, "दया नको माले! मासा दख!"

आता समाधानपुढं इलाज उरला नाही. शर्टासकट, मोबाईलसकट तो आत धावला. आबांच्या दंडाला धरून ओढू लागला. आबा जागचे हलेनात, कारण त्यांचा पाय खुंट्याला लागला होता. त्यांनी बुडी मारली, दोरी धरून वर आले आणि दोरीचं टोक समाधानच्या हातात कोंबलं. "ओढ!"

समाधाननं ओढलं. दोरीनं त्याला ओढलं. तो तोंडावर पडला, उठला, पुन्हा ओढलं, आणि जाळीची पिशवी दोघांच्या मधे पाण्यावर आली. तिच्यातून एक सोनेरी डोळा समाधानकडे पाहत होता. मग शेपटीचा एक फटका बसला, जाळीतून, पण गालावर, आणि पुरता. समाधान नोकरी न केलेला, कोणाची थप्पड न खाल्लेला माणूस. तो तसाच आ वासून उभा राहिला.

"दखा?" आबांनी विचारलं.

"बाप्पा," समाधान म्हणाला.

आबांनी पिशवीचं तोंड सोडलं. जिताडी सावकाश बाहेर आली, जणू आपला थांबा आला आहे, आणि गेली.

तांडेलबाई काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती. ती आली तेव्हा पिशवी रिकामी झाली होती. तिला दोन भिजलेले पुरुष आणि एक भिजलेली जाळी एवढंच दिसलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग दोघांना झाडलं. सोडायचा म्हणजे हातात आल्या क्षणी सोडायचा. खुंट्याला बांधून पाहुण्यांना दाखवायला ते काय नवरी आहे? येत्या दिवाळीपर्यंत या खाडीत गळ टाकायला तुम्ही दोघं येऊ नका. आणि पाणी येणार म्हणून सांगितलं होतं ना?

"सांगेल व्हतं," समाधान म्हणाला. "पन अक्का, आमना तथा येस नही ना."

परतीच्या गाडीत समाधान गप्प होता. टपरीवाल्यानं दिलेली लुंगी नेसून तो खिडकीशी बसला होता. गालावर लाल वळ होता. आबांच्या मनात राहून राहून एकच येत होतं. आता सगळं याच्या जिभेवर. काही पाहिलं नाही, एवढंच याला म्हणायचं आहे, दगड याचा. पाण्यात दगड देतो म्हणाला होता, पण बुडणाऱ्याला माणूस काहीही देतो. विचारावं, असं आबांना नंदुरबारपर्यंत वाटत होतं. पण ज्यानं आपल्याला सगळ्यांसमोर खोटा म्हटलं, त्याला खरं बोलशील ना, असं विचारायचं कसं? दोंडाईचाला समाधाननं शिदोरीतली उरलेली भाकरी काढली, मोडून अर्धी आबांना दिली. त्यावरूनही काही कळलं नाही.

रविवारी सगळे काठावर जमले. दगड मोकळा ठेवला होता. हिलाल नाना मधे बसले. बबलूनं मोबाईल खिशात घातला, तेव्हाच प्रसंग किती गंभीर आहे ते लक्षात आलं.

"बोल समाधान," नाना म्हणाले. "जिताडा निंघना का नही?"

समाधान उभा राहिला. आबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते.

"निंघना," समाधान म्हणाला. "मी मना डोयावरी दखा."

आबांनी मान वर केली. या पोराबद्दल काय काय मनात आणलं आपण, असं त्यांना झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते, आणि तिथंच थांबला असता तर काही प्रश्न नव्हता. पण समाधान थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी सांगण्यासारखा मासा होता.

"हातभर काय लई बठनात," तो म्हणाला. "मनी मोटरसायकलइतला व्हता! टाकीपाईन ते मांगला लाइटलगून!"

उचललेले हात हळूहळू खाली आले.

"कोठे शे मंग?" बबलूनं विचारलं.

"सोडी दिन्हा."

"काबर?"

"मोठा व्हता म्हनीसन."

मग कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"लहान व्हता म्हनीसन सोडा, हाई ऐकेल व्हतं," बबलू म्हणाला. "मोठा व्हता म्हनीसन सोडा, हाई पहिल्यांदाच ऐकी राहिनू."

"अरे, तथाना नियमच तसा शे! बोर्ड शे तठे!" समाधानचा आवाज चढला. "कारन तो मासा नही व्हता, ती बाई व्हती. पहिले माणूस राहस, मंग मोठा व्हयना का बाई व्हई जास. आबासनी तिले पिशवीमा बांधी ठेयेल व्हती, तितलामा समुद्र उना..."

"समुद्र उना?"

"हा! सांगेल टाइमले! चालत उना! आनि तिनी मले थापड मारी. हाई दखा गाल."

गालावर आता काही नव्हतं. बबलू हसता हसता आडवा झाला होता. एकाला उचकी लागली. जितकं समाधान खरं सांगत होता, तितकं ते आणखी खोटं होत होतं. त्यानं वळून आबांकडे पाहिलं. "आबा, तुमी ते सांगा!"

आबांनी सांगितलं. मोजून, एसटीच्या अपघाताच्या जबाबासारखं सांगितलं. एक अक्षर वाढवलं नाही. सगळे आणखीच हसले.

हिलाल नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पहिले एक खोटा व्हता. आते दोन व्हई ग्यात." एवढं बोलून ते उठले, धोतर सावरलं आणि दगडावर जाऊन बसले. कोणी हरकत घेतली नाही. नानांनी आठ वर्षांत कुठल्याही माशाबद्दल एक शब्द काढला नव्हता. काठावर तेवढा एकच भरवशाचा माणूस उरला होता.

तेव्हापासून आबा आणि समाधान खालच्या अंगाला, म्हशी पाण्यात उतरतात तिथं शेजारी शेजारी बसतात. तिथं मासा लागत नाही. म्हशींनी ढवळलेल्या पाण्यात गळही दिसत नाही. पण ऐकणारे मिळतात. म्हशीवाला असतो, कधी पलीकडच्या काठाचे गळवाले येतात, आणि समाधान त्यांना जिताडीची गोष्ट सांगतो. सांगताना तो दोन्ही हात पसरतो. दर रविवारी ते थोडे जास्त पसरतात. परवा डाव्या हाताचा पंजा आबांच्या नाकाला लागला.

आबांनी तो धरून खाली घेतला. "इतली नही व्हती रे."

"आबा, तुमी चूप बठा," समाधान म्हणाला. "थापड कोनी खादी? तुमी का मी?"

आणि हात पुन्हा वर नेला.